हरवलेलीं वर्षें

मनुष्य आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडूं लागला म्हणजे जमेची बाजू तो घाईघाईनें उरकतो, आणि खर्चाच्या बाजूवर मात्र रात्रीच्या रात्री जागून काढतो, असा आमचा अनुभव आहे. जें मिळालें तें आपल्या हक्काचेंच होतें, आणि जें गेलें तें दुसऱ्या कोणीं तरी आपल्या हातांतून काढून नेलें, अशी कांहीं तरी समजूत त्याच्या मनाच्या तळाशीं असते. आमच्या स्वतःच्या खातेवहींत खर्चाच्या बाजूस एक रक्कम पन्नासांहून अधिक वर्षें मांडलेली आहे. ती वसूल होण्याजोगी नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि ती खोडून टाकण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत मात्र असा एक प्रसंग आला कीं, ती वही पुन्हां उघडून तींतील आंकडे तपासणें आम्हांस भाग पडलें. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु.

वैशाखांतील एका दुपारीं, परभणीच्या रस्त्यांवर चिटपांखरूंही दिसत नाहीं अशा वेळीं, आमचा पुतण्या आपल्या मुलास घेऊन आमच्या दारांत उभा राहिला. सेलू तालुक्यांत दुधना नदीच्या कांठीं आमची जी वडिलोपार्जित जमीन आहे ती हा पुतण्या कसतो. "जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी" ही म्हण आमच्या जिल्ह्यांतील लहान पोरही मोठ्या अभिमानानें म्हणतें. परंतु त्या परभणीच्या काळ्या जमिनीच्या वांटण्यांवर वांटण्या होऊन एकेकाच्या वांट्यास आतां किती उरली आहे, हें ती म्हण सांगत नाहीं. कापसास आणि सोयाबीनला यंदा काय भाव येईल, ही विवंचना घेऊन पुतण्या पुष्कळदां आमच्याकडे येतो. पण त्या दिवशीं त्याच्या हातांत दोन छापील कागद होते, आणि त्यांचा बाजारभावाशीं कांहीं संबंध नव्हता.

"काका," तो ओट्यावर टेकत म्हणाला, "दोन्हीं बोलावणीं एकाच आठवड्याचीं आहेत. एकीकडे गेला तर दुसरीकडे जातां येत नाहीं. पोरगा माझ्यापुढें तोंड उघडीत नाहीं. आतां तुम्हीच काय तें सांगा."

आम्हीं चष्मा लावून कागद वाचले. मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षास होता. लष्करांतील अधिकारी होण्यासाठीं जी लेखी परीक्षा असते तींत तो उत्तीर्ण झाला होता, आणि पांच दिवसांच्या मुलाखतीसाठीं निवड-मंडळानें त्याला बोलाविलें होतें. दुसरा कागद पुण्याकडील एका फुटबॉल-क्लबाचा होता. त्याच्या निवड-चांचणीस येण्याबद्दलचा. मुलगा आपल्या महाविद्यालयाच्या फुटबॉल-संघाचा कर्णधार आहे, हें आम्हांस माहीत होतें. एकदोनदां त्याचा खेळही आम्हीं पाहिला होता. मैदानाच्या मधोमध उभें राहून तो चेंडू फार वेळ स्वतःपाशीं ठेवीत नसे. मान वर करून कोण कोठें आहे हें पाहावें, आणि जो गडी अजून धांवूं लागला नाहीं त्याच्या पुढें चेंडू टाकून त्याला धांवावयास लावावें, अशी त्याची रीत होती. उन्हाळ्यांत भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यांत घोट्यापर्यंत चिखल होणाऱ्या आमच्या काळ्या मातीवर असा खेळ खेळणें सोपें नव्हे.

आम्ही कागद परत देतांना म्हणालों, "आठ दिवस द्या. विचार करून सांगतों."

येथें आमच्या खातेवहींतील त्या रकमेचा खुलासा केला पाहिजे. कारण आठ दिवस मागण्याचें खरें कारण तेंच होतें. १९७२ सालीं आम्ही एकवीस वर्षांचे होतों आणि आमच्या महाविद्यालयाच्या क्रिकेट-संघाचे कर्णधार होतों. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठीं आम्हांस बोलावणें आलें होतें. त्या वर्षीं पाऊस पडला नाहीं. मराठवाड्यांतील ज्या वृद्धांनीं तें वर्ष पाहिलें आहे त्यांस अधिक सांगण्याची गरज नाहीं. इतरांस सांगून तें कळणार नाहीं. खरीप करपलें, विहिरींनीं तळ दाखविला, आणि परदेशांतून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी खाऊन लोक दुष्काळी कामांवर खडी फोडूं लागले. वडिलांनीं निरोप पाठविला: घरीं ये. आम्ही घरीं गेलों. दोन इयत्ता शिकलेला माणूस हवा होता म्हणून एका रस्त्याच्या कामावर आम्हांस हजेरीपट लिहिण्याचें काम मिळालें. निवडीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशीं आम्ही उन्हांत बसून नांवें लिहीत होतों. पुढें शिक्षकाची नोकरी मिळाली, संसार झाला, पोरें मार्गास लागलीं. बॅट मात्र पुन्हां हातीं धरली नाहीं. आमच्यांत कांहीं मोठी गुणवत्ता होती असा आमचा दावा नाहीं; परंतु ती होती कीं नव्हती, हें ठरण्याची वेळच आली नाहीं, हें शल्य कायमचें राहिलें.

तेव्हां वाचकहो, न्यायासनावर बसलेला न्यायाधीश स्वतःच एका पक्षाचा फिर्यादी होता. हें जाणूनच आम्हीं आठ दिवस मागितले, आणि ज्या माणसांच्या आयुष्यांत खेळ आणि गणवेश हे दोन्हीं एकमेकांच्या आड आले त्यांचीं चरित्रें शोधण्यास बसलों.

पहिलें चरित्र फार दूरचें सांपडलें. अमेरिकेंत फुटबॉल या नांवाखालीं जो खेळ खेळतात तो आपला नव्हे. त्यांतील चेंडू लांबट अंड्यासारखा असतो आणि तो हातांत घेऊन पळावयाचें असतें. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांस दहा यार्ड पुढें सरकण्यास चार संधी मिळतात. प्रत्येक संधीच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. स्वतः पळावें, दुसऱ्याच्या हातीं द्यावा, कीं दूर फेंकावा, हा निर्णय त्यानें घ्यावयाचा. तोही, समोरचे धिप्पाड गडी त्याला भुईवर आडवा करण्यास धांवून येत असतांना. आपल्या नाटकांतील सूत्रधार जर रंगभूमीवर मार खात खात नाटक चालवूं लागला तर तें काम कांहींसें असें होईल. ॲनापोलिस येथें अमेरिकेच्या नौदलाची प्रबोधिनी आहे. ती १८४५ सालीं स्थापन झाली. भूसेनेची वेस्ट पॉइंटची प्रबोधिनी १८०२ सालची. या दोन संस्थांच्या विद्यार्थ्यांमधील सामना १८९० पासून चालत आलेला असून त्या देशांत तो एखाद्या सणासारखा पाहिला जातो.

रॉजर स्टॉबाक हा १९६३ सालीं ॲनापोलिसच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. महाविद्यालयीन खेळाडूंत त्या वर्षींचा सर्वोत्तम म्हणून हाइझमन पारितोषिक त्याला मिळालें. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. केनेडी स्वतः नौदलांत लढलेले. दोन प्रबोधिन्यांचा सामना पुढें ढकलून ७ डिसेंबरला खेळविण्यांत आला. नौदलानें तो २१ विरुद्ध १५ असा जिंकला. वेळ संपली तेव्हां भूसेनेचा संघ शेवटच्या रेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर होता. असा खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतांच धंदेवाईक संघांनीं त्याच्या दारीं रांग लावावी. पण प्रबोधिनीचा नियम असा कीं, शिक्षण सरकारनें दिलें, आतां चार वर्षें सेवा करा. स्टॉबाक रंगांध असल्यामुळें त्याला युद्धनौका चालविणारा अधिकारी होतां येईना. तो पुरवठा-विभागांत गेला, आणि स्वतः मागून घेऊन एक वर्ष व्हिएतनाममध्यें राहिला. डॅलसच्या संघानें त्याला १९६४ सालींच निवडून ठेविलें होतें. त्यांच्या मैदानावर तो १९६९ सालीं उतरला. त्या वेळीं त्याचें वय सत्तावीस होतें. या खेळांतील नवागत साधारणतः बावीस वर्षांचा असतो. त्यानंतर त्यानें दोन वेळां आपल्या संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें; पहिलें जानेवारी १९७२ मध्यें, दुसरें जानेवारी १९७८ मध्यें.

जानेवारी १९७२! आंकडा वाचून आम्ही क्षणभर थांबलों. त्याच सालच्या अखेरीस आम्ही हजेरीपट लिहीत होतों. मनांत आलें, चार वर्षें देऊन परत येणाऱ्यास परत येण्याचा दरवाजा उघडा होता. आम्हांस तो नव्हता. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत हरवलेलीं वर्षें व्याजासह परत मिळत असतील. परभणीच्या पोरास तो हिशेब कसा लागू पडावा? पहिल्या रात्रीं आमचा कौल असा तयार झाला कीं, मुलानें पुण्यास जावें.

दुसरें चरित्र घरच्या जवळचें. हेमू अधिकारी यांचा जन्म १९१९ सालीं पुण्यास झाला. वयाच्या सतराव्या वर्षीं ते रणजी सामन्यांत उतरले. पुढचीं दहा वर्षें हीं फलंदाजाच्या आयुष्यांतील बहराचीं. पण १९३६ नंतर १९४६ पर्यंत हिंदुस्थानच्या वांट्यास एकही कसोटी सामना आला नाहीं, कारण मध्यंतरीं सारें जग युद्धांत गुंतलें होतें. अधिकारी १९४७ सालीं ऑस्ट्रेलियांत पहिला कसोटी सामना खेळले तेव्हां ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षीं दिल्लीस वेस्ट इंडीजनें ६३१ धांवांचा डोंगर रचला असतां त्यांनीं नाबाद ११४ धांवा काढल्या आणि तो सामना अनिर्णित राखण्यास मोठा हातभार लावला. १९५२ सालीं पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटी सामन्यांत शेवटचा गडी गुलाम अहमद यांना बरोबर घेऊन त्यांनीं १०९ धांवांची भागी केली आणि स्वतः ८१ वर नाबाद राहिले. इतकें असूनही सारे मिळून त्यांचे कसोटी सामने अवघे एकवीस. ते सैन्यांतील अधिकारी होते; सैन्याचें काम आधीं, खेळ नंतर. ज्या बारा वर्षांत ते कसोटी क्रिकेट खेळले त्या काळांत भारताचे निम्म्याहून अधिक सामने त्यांच्यावांचून झाले.

आणि मग १९५९ चा फेब्रुवारी. वेस्ट इंडीजचा संघ पुन्हां आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या तोफखान्यापुढें भारताचे फलंदाज कोसळत होते, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, एकाच मालिकेंत कर्णधारामागून कर्णधार बदलत होते. उम्रीगर झाले, गुलाम अहमद झाले, मंकड झाले. मानापमान, राजीनामे, निवड-समितींतील ओढाताण यांनीं सारें वातावरण नासलें होतें. पांचव्या सामन्यासाठीं दिल्लीस नेतृत्व देण्यांत आलें तें या लष्करी गृहस्थास, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं. त्यांनीं पहिल्या डावांत ६३ आणि दुसऱ्या डावांत ४० धांवा काढल्या, स्वतः गोलंदाजी करून तीन बळी घेतले. पुण्याच्याच चंदू बोर्डे यांनीं त्या सामन्यांत १०९ आणि ९६ धांवा केल्या, आणि मालिकेंतील तीन पराभवांनंतर सामना अनिर्णित राहिला. अधिकारी यांचा तो कर्णधार म्हणून पहिला आणि खेळाडू म्हणून शेवटचा कसोटी सामना. एकदांच हांक आली. ते आले, काम केलें, आणि परत गेले.

आम्हांस येथें कबूल केलें पाहिजे कीं, हें चरित्र वाचतांना आमच्या फिर्यादीचा जोर कांहींसा कमी झाला. कारण हा मनुष्य हरवलेल्या सामन्यांचा हिशेब मागत बसलेला दिसत नाहीं. १९७१ सालीं अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हां व्यवस्थापक म्हणून हेच अधिकारी बरोबर होते. क्षेत्ररक्षणाच्या बाबतींत ते कडक; त्या संघानें ओव्हलचा सामना जिंकून इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, आणि त्या विजयांत एकनाथ सोलकरांसारख्यांच्या झेलांचा वांटा चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीच्या खालोखाल होता. मात्र तीनच वर्षांनीं, १९७४ सालीं, लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा डाव ४२ धांवांत आटोपला तेव्हांही व्यवस्थापक तेच होते. शिस्तीनें विजय हमखास मिळतो असें जे सांगतात त्यांनीं हे दोन्हीं आंकडे शेजारीं शेजारीं ठेवावेत. २००३ सालीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

आतां आमच्या मनाचा कांटा मध्यें येऊन थरथरूं लागला. अशा वेळीं पुतण्या बाजारास आला असतां पुन्हां भेटला. आम्हीं त्याला हीं दोन्हीं चरित्रें मोठ्या उत्साहानें सांगितलीं. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "काका, तुमचे हे लोक मोठे. त्यांचीं वर्षें हरवलीं असतील. आमच्याकडे हरवायला काय आहे? मला पोराची काळजी आहे ती पगाराची. चेंडू कोणीकडून का जाईना."

त्या एका वाक्यानें आमचीं सारीं चरित्रें पालथीं पडलीं. मराठवाड्यांतील किती घरांतून किती मुलें पहांटे डांबरी रस्त्यावर धांवतांना दिसतात! एसटीच्या पहिल्या गाडीनें कोठेंही जावें, दिव्याच्या उजेडांत तीं दिसतातच. तीं पदकासाठीं धांवत नाहींत. भरतीच्या दिवशीं ठराविक वेळांत ठराविक अंतर काटावयाचें असतें म्हणून धांवतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास गणवेश हा प्रथम भाकरीचा प्रश्न असतो. देशसेवा, शौर्य, कीर्ति हीं त्यामागून येतात, आणि मागून आलीं म्हणून तीं खोटीं ठरत नाहींत.

आणि मग आठवलें कीं, तिसरें चरित्र आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. त्याला शोधावयास पुस्तकें चाळण्याची गरज नव्हती. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा या गांवीं १९९४ सालीं अविनाश साबळे याचा जन्म झाला. आईवडील शेतांत आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा दूर, तेव्हां पोरानें चालत, धांवत जावें. बारावी झाल्यावर घराला हातभार म्हणून तो सैन्यांत गेला. महार रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत. सियाचिनच्या बर्फांत राहिला, राजस्थानच्या वाळूंत राहिला. तोंवर तो धांवपटू नव्हताच. २०१५ सालीं सैन्यांतील आंतरगत शर्यतींत तो प्रथम पळाला, आणि तेथून अमरीश कुमार या लष्करी प्रशिक्षकाच्या नजरेस पडून स्टीपलचेस या शर्यतीकडे वळला. तीन हजार मीटरांच्या या शर्यतींत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. २०१८ सालीं भुवनेश्वरला त्यानें गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर त्यानें स्वतःचेच विक्रम इतक्या वेळां मोडले कीं, त्याची मोजदाद आम्ही सोडून दिली. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत तो दुसरा आला. सुवर्णपदक अवघ्या पांच शतांश सेकंदांनीं हुकलें. केनियाच्या धांवपटूंनीं वीस वर्षांहून अधिक काळ त्या शर्यतींतील तिन्हीं पदकें दुसऱ्या कोणास मिळूं दिलीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रुप्याची किंमत कळते. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें या शर्यतीच्या अंतिम फेरींत पोंचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

या ठिकाणीं गणवेशानें खेळाचीं वर्षें हिरावून घेतलीं नाहींत. खेळच मुळीं गणवेशानें दिला. मांडव्याचा हा मुलगा सैन्यांत गेला नसता तर त्याच्या पायांत काय आहे हें कोणाला कळलें असतें? कदाचित् त्याला स्वतःलाही नाहीं.

परंतु आम्ही वकील नव्हे, शिक्षक आहों. एक बाजू मांडून दुसरी झांकणें आम्हांस शोभणार नाहीं. सैन्य देतें तसें घेतेंही. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें शरीर लुळें पडलें. मुष्टियुद्ध तेथेंच संपलें. ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविलें. देशानें त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ सालीं. मध्यें सेहेचाळीस वर्षें गेलीं. पेटकर पुन्हां उभे राहिले म्हणून आपण त्यांचें नांव घेतों. जे उठूं शकले नाहींत त्यांचीं नांवें गांवोगांवच्या पाटींवर असतील, किंवा नसतीलही. एकवीस वर्षांच्या मुलास सल्ला देतांना ही गोष्ट गाळून चालत नाहीं.

आठवा दिवस उजाडला. संध्याकाळीं मुलगा एकटाच आला. अंगणांत पाणी शिंपडून बाजा टाकल्या होत्या. आम्हीं त्याला सर्व कांहीं सांगितलें: अमेरिकेचा सूत्रधार, पुण्याचा कर्णधार, मांडव्याचा धांवपटू, पेटकर. आणि शेवटीं, ज्याविषयीं आम्ही घरांत कधीं बोललों नव्हतों, तें आमचें स्वतःचें १९७२ सालही सांगितलें. मग आमचा कौल दिला: "पुण्यास जा. सैन्याची परीक्षा पुन्हां देतां येते. तें वय अजून तीनचार वर्षें आहे. खेळाचें दार एकदां लागलें कीं लागलें. आमच्यासारखा पन्नास वर्षें पस्तावत बसूं नकोस."

मुलगा बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग त्यानें एक प्रश्न विचारला, ज्याची आम्हीं कल्पना केली नव्हती.

"आजोबा, त्या कामावर माणसें किती होतीं?"

"साडेतीनशें असतील. कधीं चारशें."

"आणि हजेरी तुम्ही एकटेच लिहीत होतां?"

"हो."

"हजेरी चुकली तर?"

"तर त्याची मजुरी बुडे."

यापुढें तो कांहीं बोलला नाहीं. आम्हांस बोध करण्याचा त्याचा हेतु नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती, असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें. थोड्या वेळानें तो म्हणाला, "मला वाटतें, मी मुलाखतीला जावें. फुटबॉल मला आवडतो. पण दर महिन्याला बाबांना काय देणार, हें डोक्यांत असलें म्हणजे माझा खेळ बिघडतो. आतांच बिघडूं लागला आहे. तुम्हांला राग येईल का?"

आम्हीं नाहीं म्हटलें. खरें सांगावयाचें तर थोडा आला होता.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. त्याच्या प्रश्नानें एक जुनी आठवण वर आली होती. हजेरीपटावर अंगठा उठविण्यासाठीं एक म्हातारी रोज रांगेंत उभी राही. खडी फोडून तिच्या अंगठ्याचें कातडें इतकें गेलें होतें कीं, ठसा उमटत नसे. शाईचा नुसता डाग पडे. वरचा माणूस म्हणे, हा ठसा चालणार नाहीं. आम्ही तिचें बोट पुसून, पुन्हां शाई लावून, दोनदां तीनदां उठवून घेत असूं. आणि तरीही न उमटला तर शेजारीं आमची सही करून जबाबदारी घेत असूं. वर्षभर तिची एक दिवसाचीही मजुरी बुडाली नाहीं. हें आम्ही पार विसरून गेलों होतों. निवड-चांचणीचा तो एक दिवस पन्नास वर्षें लक्षांत राहिला, आणि ज्या दिवसांत आम्ही चारशें माणसांच्या भाकरीचे राखणदार होतों ते दिवस आम्हीं "वाया" या सदराखालीं घालून वही मिटली होती. वर्षें कोणीं चोरलीं नव्हतीं. आम्हींच तीं चुकीच्या बाजूस मांडलीं होतीं. अधिकारी यांनीं आपल्या हुकलेल्या सामन्यांकडे, स्टॉबाकनें आपल्या चार वर्षांकडे कसें पाहिलें असेल, याची थोडीशी कल्पना आम्हांस तेव्हां आली. तीं माणसें थोर होतीं हें खरेंच. पण तीं सुखी असलीं तर तीं पदकांमुळें नव्हे, तर जें काम हातीं आलें त्याला तीं आपलेंच काम समजलीं म्हणून.

याचा अर्थ आमचें शल्य गेलें, असा मात्र नव्हे. क्रिकेटचा आवाज कानीं आला म्हणजे आजही छातींत कांहीं तरी हलतें. दुष्काळ आला नसता तर बरें झालें असतें. ज्या मुलास खेळावयाचें आहे त्याला पोटाची काळजी न करतां खेळतां यावें, हेंच न्यायाचें. पुतण्याचें तें पगाराचें वाक्य ज्या देशांत, ज्या जिल्ह्यांत कोणास उच्चारावें लागणार नाहीं, तो देश आम्हांस अजून पाहावयाचा आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, अन्याय झाला तो दुसरीकडचा. त्याचा सूड आपल्याच वर्षांवर उगवूं नये.

मुलगा परभणी स्टेशनावरून रात्रीच्या गाडीनें मुलाखतीस गेला. सहाव्या दिवशीं परत आला तो निवड न होतां. आम्ही स्टेशनावर घ्यावयास गेलों होतों. मनांत हें भय होतें कीं, दोन्हीं दारें लागलेल्या मुलाचें तोंड आतां पाहावें लागणार. आणि, लपवावयाचें कशाला, "आम्ही सांगत होतों" हे शब्द जिभेच्या टोंकावर येऊन बसले होते. तो डब्यांतून उतरला, वांकून आमच्या पायांस हात लावला, आणि म्हणाला, "आजोबा, एक गोष्ट कळली. गटाचें काम दिलें होतें, त्यांत मीं सगळें स्वतःच करूं पाहिलें. मैदानावर मी असें कधीं करीत नाहीं. पुढच्या वेळीं नाहीं करणार."

जिभेवरचे शब्द आम्हीं गिळून टाकले.

सध्यां तो सकाळीं अभ्यास करतो, दुपारीं बापाबरोबर शेतांत असतो, आणि संध्याकाळीं गांवच्या पोरांना जमवून चेंडू खेळतो. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. पुण्याच्या क्लबाकडून पुन्हां बोलावणें आलेलें नाहीं. काय होईल, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परवां पोळ्याला गांवीं गेलों असतां त्यांचा खेळ पाहत बांधावर बसलों होतों. पाऊस होऊन गेला होता, चेंडू चिखलांत रुतत होता. अंधार पडूं लागला तसा तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, एक गडी कमी आहे. गोलांत उभे राहतां का?"

आम्हीं धोतर वर खोंचलें आणि जाऊन उभे राहिलों.